अण्णांना जाऊ द्या



या अंकात गुडघेदुखीविषयी लिहायचे मी ठरविले होते. तो विषय आता पुढील पंधरवड्यावर गेला, कारण मध्येच एक पत्र आले. सावेडी भागातील एका गृहिणीचे. त्यांच्या संमतीने, आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, त्याचा आशय येथे सांगते. कारण हेच पत्र आपल्यापैकी पुष्कळ घरांतून येऊ शकले असते.

त्यांचे सासरे, घरात सर्वजण त्यांना अण्णा म्हणतात, ७८ वर्षांचे आहेत. मधुमेह वीस वर्षांचा, रक्तदाब त्याहून जुना, प्रोस्टेटची तक्रार, उजवा गुडघा झिजलेला. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. नात पुण्याला नोकरीस लागली असून तिने आजोबांसाठी एका रविवारचा बेत आखला आहे. सकाळी सात वाजता नगरमध्ये प्राणिमित्रांनी आयोजित केलेली फेरी आहे. (जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तरी आमच्या पिढीच्या तोंडी अजून नगरच येते, क्षमा असावी.) माणसांनी आपापले पाळीव कुत्रे घेऊन सुमारे दोन किलोमीटर चालायचे, आणि त्यासाठी भरलेल्या शुल्कातून मोकाट कुत्र्यांची नसबंदी व रेबीजविरोधी लसीकरण करायचे, अशी ती योजना. त्यानंतर पुण्यास जाऊन, पहिल्या पगाराची मेजवानी म्हणून एका नामांकित इटालियन उपाहारगृहात रात्री आठचे जेवण. मुक्काम नातीकडे.

पत्र तीन पानांचे आहे. अडीच पाने आजार, गोळ्या आणि तपासण्यांची. मुलाचे मत स्पष्ट आहे: या वयात कुठे पडले-झडले तर काय करायचे, घरीच बरे. सूनबाईंना निर्णय होत नाही. शेवटी दोन ओळी आहेत. अण्णा स्वतः काही बोलत नाहीत. मात्र चार दिवसांपूर्वी त्यांनी माळ्यावरून कॅनव्हासचे बूट काढले, धुतले आणि गच्चीवर वाळत ठेवले. सासूबाई गेल्यापासून ते घराबाहेर पडतात ते तिन्हीसांजेला, गल्लीतल्या कुत्र्याला भाकरी घालण्यापुरते. ते काम पूर्वी सासूबाईंचे होते.

ताई, माझे उत्तर आहे: जाऊ द्या. जपून, थोडे बदल करून; पण जाऊ द्या.

प्रथम एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. तीन पानांच्या पत्रात अण्णांचे स्वतःचे म्हणणे कुठेच नाही. वृद्धांची काळजी मनापासून घेणाऱ्या घरांतही हे घडते. औषधे वेळेवर मिळतात, पथ्य सांभाळले जाते, आणि हळूहळू सारे निर्णय त्यांच्या डोक्यावरून होऊ लागतात. ज्यांची विचारशक्ती शाबूत आहे, त्यांना धोका समजावून सांगावा आणि मग त्यांचे मत विचारावे. बूट धुऊन वाळत घालणे हे एक मतच आहे. तरीही तोंडी विचारा.

दुसरी गोष्ट, घरी बसणे निर्धोक असते ही समजूत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी वृद्ध स्वयंसेवकांना केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवण्यात आले. तेवढ्यात त्यांच्या पायांतील स्नायूंचे वजन सुमारे एक किलोने घटले. अण्णा अंथरुणाला खिळलेले नाहीत, हे खरे. परंतु खुर्ची आणि दूरदर्शन यांत गेलेली दोन वर्षे पायांतून काहीतरी वसूल करतातच. उद्या ते न्हाणीघरात पडले, तर त्याचे मूळ या बसून राहण्यात असेल. मनाचे तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगातील दर सहा व्यक्तींपैकी एकीला एकाकीपणा ग्रासतो, आणि त्याचा संबंध हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह व अकाली मृत्यू यांच्याशी आहे. जोडीदार गेलेल्या पुरुषाला हा एकाकीपणा बोलून दाखविता येत नाही. तो कुत्र्याला भाकरी घालतो.

आता जाण्यापूर्वीची परीक्षा. घरातील हात असलेल्या खुर्चीत अण्णांना बसवा. तीन मीटर अंतरावर खूण करा. उठायचे, नेहमीच्या चालीने खुणेपर्यंत जायचे, वळून परत येऊन बसायचे. घड्याळ लावा. बारा सेकंद किंवा अधिक लागले, तर पडण्याचा धोका आहे असे समजावे. मग फेरी रद्द करण्याची गरज नाही. पण अंतर निम्मे करा आणि बरोबर एक धडधाकट माणूस सतत ठेवा. याशिवाय, गेल्या काही आठवड्यांत चालताना छातीत दडपण आले असेल, भोवळ येऊन पडणे झाले असेल, पायाला जखम असेल किंवा ताप असेल, तर मात्र हा रविवार सोडावा आणि आपल्या डॉक्टरांना भेटावे. येथे माझा आग्रह संपतो.

बूट जुनेच असू द्यावेत. मधुमेह्याने नवे पादत्राण अशा दिवशी प्रथम घालणे म्हणजे फोडाला आमंत्रण; चप्पल आणि सँडल तर नकोच. मोजे सुती, शिवण न टोचणारे. धुतल्यावर बूट आखडला नाही ना, तळ गुळगुळीत झाला नाही ना, हे पाहून घ्या. परत आल्यावर दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात तपासा. ज्याच्या पायाची जाणीव कमी झाली आहे, त्याला खडा रुतलेला कळत नाही.

फेरीतील खरा धोका अंतराचा नाही, साखळीचा आहे. अमेरिकेत ६५ वर्षांवरील व्यक्तींना साखळीने बांधलेला कुत्रा फिरविताना झालेल्या अस्थिभंगांचा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. २००४ ते २०१७ या काळात असे अस्थिभंग दुपटीहून अधिक वाढले होते. त्यांत सर्वाधिक प्रमाण खुब्याच्या हाडाचे, आणि जखमी झालेल्यांत चारांपैकी तीनहून अधिक स्त्रिया. कारण साधे आहे. समोरून मांजर पळाले की कुत्रा झेप घेतो, आणि साखळी मनगटाला गुंडाळलेली असल्याने माणूस तिच्यामागे फरपटतो. म्हणून साखळी हाताला किंवा बोटांना कधीही गुंडाळू नये. प्रसंगी सोडून देता येईल अशी धरावी. लांब सुटत जाणारी दोरी नको. अण्णा काठी वापरत असतील, तर मी म्हणेन की त्यांनी साखळी धरूच नये. एका हातात आधार आणि दुसऱ्या हातात ओढणारे जनावर, ही जोडी जमत नाही. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, म्हणजे अण्णांच्या डाव्या हातात. साखळी नातीच्या हातात. आणि कुत्रा नातीच्या पलीकडच्या बाजूस. कुत्रा वयस्क आणि शांत मिळाला तर उत्तम. दोघांची चाल जुळते.

वेगाची कसोटी सोपी आहे. चालता चालता गप्पा मारता आल्या पाहिजेत. वाक्य तुटू लागले की थांबावे. आमच्याकडील भुईकोट किल्ल्याचा घेर साधारण दीड-पावणेदोन किलोमीटर आहे. फेरी दोन किलोमीटरची असेल, तर किल्ल्याला एक वळसा घालून थोडे अधिक, एवढेच अंतर मनात धरावे. आजपासून रोज अर्धा किलोमीटर, मग पाऊण, असे चालत गेल्यास रविवारपर्यंत पाय तयार होतील. अण्णांना नगरचा किल्ला मी सांगायला नको. त्याच्या तटाच्या आत १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू बंदिवान होते आणि तेथेच त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, हे नातीला चालता चालता सांगण्याजोगे आहे. त्या निमित्ताने वाक्य तुटते की नाही, तेही कळेल.

कुत्र्यांच्या घोळक्यात जायचे म्हटले की चावण्याची भीती येतेच, आणि ती खोटी नाही. अनोळखी कुत्र्याच्या डोक्यावर वरून हात नेऊ नये, खाणाऱ्या किंवा झोपलेल्या कुत्र्याला शिवू नये, कुत्रा गुरगुरला तर पळू नये. हात अंगाशी धरून स्थिर उभे राहावे. तरीही दात किंवा नख लागलेच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी. घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट, कॉफी यांतले काहीही भरू नये, घट्ट पट्टी बांधू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. दंडात घ्यावयाच्या लशीचे दिवस ०, ३, ७, १४ आणि २८. सरकारी रुग्णालयांत त्वचेत दिल्या जाणाऱ्या लशीचे ०, ३, ७ आणि २८. जखमेतून रक्त आले असेल, तर लशीबरोबर जखमेच्या आत व भोवती इम्युनोग्लोब्युलिनही लागते; ते आठवणीने विचारावे. ‘ओळखीचाच कुत्रा आहे’ म्हणून थांबू नये. रेबीजची लक्षणे एकदा उमटली की जवळजवळ कोणीही वाचत नाही, आणि वेळेवर उपचार झाले तर तो जवळजवळ नेहमीच टळतो. वैद्यकात इतका निर्णायक फरक फार थोड्या आजारांत पाहावयास मिळतो.

म्हणूनच या फेरीतील पैसा कोठे जाणार, हे मला महत्त्वाचे वाटते. माणसाला होणारा रेबीज ९९ टक्के प्रसंगी कुत्र्यामार्फत येतो, आणि एखाद्या भागातील किमान ७० टक्के कुत्र्यांना लस टोचली गेली तर रोगाची साखळी तुटते. पहाटे फिरायला निघणारे वृद्ध आणि शाळेत जाणारी मुले यांना त्याचा पहिला लाभ होतो. नसबंदी व लसीकरण करून कुत्रा मूळ जागी सोडण्याची पद्धत केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांत घालून दिलेली आहे. त्याआधीचे नियम २००१ चे होते. मोकाट कुत्र्यांविषयी आपल्या वाचकांत दोन तट आहेत, हे पत्रांवरून मला ठाऊक आहे. त्या वादात आज शिरत नाही. लस मात्र दोन्ही तटांना हवी आहे.

बेतात मी एकच मोठा बदल सुचविते: रात्रीचे जेवण दुपारी करा. रात्री आठचे टेबल म्हणजे पदार्थ समोर येईपर्यंत नऊ, आणि निजायला साडेअकरा. मधुमेह, पोटातील आम्लपित्त, रात्री दोनदा लघवीला उठणे आणि परके घर. वृद्ध माणूस पडतो तो अशाच रात्री, अनोळखी अंधारात स्नानगृहाचा दरवाजा शोधताना. फेरी साडेआठला संपली, घरी येऊन स्नान, न्याहारी व तासभर विश्रांती झाली, तर साडेदहाला निघून दीडपर्यंत पुण्यात जेवायला बसता येईल. नातीकडे मुक्काम करायचाच असेल, तर रात्री स्नानगृहातील दिवा चालू ठेवा.

प्रवासाविषयी एक नाजूक बाब, जी वृद्ध मंडळी सुनेला काय, डॉक्टरलाही सांगत नाहीत. वाटेत लघवीची सोय होईल की नाही या चिंतेने ते आदल्या रात्रीपासून पाणी पिणे सोडतात आणि रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढविणारी गोळी गुपचूप चुकवितात. मग चालण्याचे श्रम, कोरडे शरीर आणि गाडीतून उतरताना डोळ्यांपुढे अंधारी. गोळी चुकवू नये. त्या दिवशी तिची वेळ मागे-पुढे करता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. आणि मुलाने न विचारता गाडी थांबवावी. ‘तुम्हाला जायचे आहे का?’ असे चारचौघांत विचारले की उत्तर ‘नाही’ असेच येते. नगर-पुणे रस्त्यावर सुपे, शिरूर, रांजणगाव असे टप्पे आहेत. रांजणगावला महागणपतीचे दर्शन हे निमित्त सर्वांत सभ्य. तेथे पाय मोकळे होतात, बाकीचेही होते. उतरताना आधी पाय जमिनीवर टेकवून अर्धा मिनिट बसावे, मग उभे राहावे.

साखर खाली जाण्याचा धोका याच दिवशी अधिक असतो. नेहमीपेक्षा जास्त चालणे आणि नेहमीपेक्षा उशिरा जेवण, हे दोन्ही एकत्र आले आहेत. अण्णा इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असतील, तर फेरीपूर्वी अर्धी भाकरी आणि दूध, फेरीनंतर पुरेशी न्याहारी, आणि गाडीत थोडे फुटाणे. घाम, थरथर, धडधड ही लक्षणे तरुणांत ठळक दिसतात. वृद्ध माणूस कधी नुसताच चिडचिडा होतो, असंबद्ध बोलतो किंवा गप्प बसतो. शंका आली की तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी साखर तपासावी, गरज पडल्यास पुन्हा द्यावी. शुद्ध हरपली असेल, तर मात्र तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय. जेवणाआधीची गोळी वा इन्सुलिन उपाहारगृहात शिरताच घेऊ नये. अशा ठिकाणी पदार्थ एकामागून एक, सावकाश येतात. खाण्याचे ताट प्रत्यक्ष समोर आल्यावरच घ्यावे.

आता जेवण. इटलीचे नाव ऐकून आपल्याकडे पिझ्झा डोळ्यांपुढे येतो, आणि मग पथ्याचा प्रश्न. वास्तविक त्या जेवणात आपल्या ओळखीचे पुष्कळ आहे. पास्ता ज्या कठीण गव्हाचा करतात, त्याच जातीचा गहू आपल्याकडे बन्सी म्हणून ओळखला जातो. आपल्या खपलीचा सख्खा भाऊ तिकडे फार्रो या नावाने सूपात पडतो. टोमॅटो दोघांकडेही अमेरिका खंडातून आलेला पाहुणा. आज संगमनेर-अकोल्याच्या शेतकऱ्याला तो परका वाटत नाही आणि नेपल्सच्या आचाऱ्यालाही नाही. भूमध्य समुद्राकाठच्या आहाराला युनेस्कोने २०१० साली अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. तो आहार म्हणजे कडधान्ये, पालेभाज्या, फळे, भाकरीसारखा जाडाभरडा पाव, ऑलिव्ह तेल आणि बेताचे चीज. महागड्या उपाहारगृहात मिळणारे लोणी-मलईने भरलेले ताट आणि तो आहार यांत बरेच अंतर आहे. जसे आपल्या पिठले-भाकरीत आणि लग्नातल्या पंगतीत.

तेव्हा आरंभी मिनेस्त्रोने मागवावे. वाल-घेवड्यासारखी कडधान्ये आणि भाज्यांचे ते सूप पोटभरीचे असते. पास्ता थोडा कणखर ठेवण्याची त्यांची रीत आहे. कवळी असणाऱ्याने तो जरा अधिक शिजवून आणण्यास सांगावे, संकोच करू नये. रिसोत्तो हा त्यांचा तांदळाचा पदार्थ आपल्या गुरगुट्या भाताच्या जवळचा, चावण्यास सोपा; मात्र तो लवकर साखर वाढवितो, म्हणून दोघांत एक. ताणून लांबणारे गरम चीज आणि बटाट्याचे घट्ट गोळे ज्यांना पक्षाघातानंतर गिळताना ठसका लागतो त्यांनी टाळावेत. ऑलिव्ह, लोणच्यासारखे मुरविलेले केपर आणि जुने चीज यांत मीठ भरपूर असते. दिवसाची मिठाची मर्यादा ५ ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा. ते ध्यानात ठेवून वरून मीठ व चीज भुरभुरवून घेऊ नये. वॉर्फरिन घेणाऱ्या वाचकांनी तुळशीच्या जातीच्या पानांची हिरवी चटणी, म्हणजे पेस्तो, वाटीभर खाऊ नये, चवीपुरती चालेल.

शाकाहारी घरांसाठी एक माहिती, जी पदार्थांच्या यादीवर बहुधा छापलेली नसते. अस्सल पार्मेजान चीज वासराच्या जठरातील रेनेटने विरजतात. पानाकोटा या गोड पदार्थात जिलेटिन असते. तिरामिसूत कच्चे अंडे, कॉफी आणि पुष्कळदा मद्यही असते. ज्यांना हे वर्ज्य आहे, त्यांनी वाढप्याला आधी विचारावे. खाल्ल्यावर कळून होणारा मनस्ताप औषधाने जात नाही. कच्चे अंडे तर श्रद्धेचा प्रश्न नसणाऱ्या वृद्धांनीही टाळलेले बरे. गोडात एक चमचाभर आइस्क्रीम नातीच्या वाटीतून घ्यावे. तिचा पहिला पगार आहे. तिला ‘मला गोड चालत नाही’ हे वाक्य ऐकवू नये.

सोमवारी अण्णांना उशिरापर्यंत निजू द्या. पोटऱ्या दुखतील, त्याला कोमट पाण्याचा शेक पुरे. एक पोटरी दुसरीहून सुजलेली व गरम वाटली, किंवा धाप लागू लागली, तर तो थकवा समजू नये. त्याच दिवशी दाखवावे.

आणि ताई, उपाहारगृहातून उरलेले बांधून आणाल, त्यात लसणाचा पाव असेल. तिन्हीसांजेला अण्णा तो गल्लीतल्या कुत्र्यापुढे ठेवतील, कारण शेवटचा घास त्याचा, ही सासूबाईंची रीत. तेवढा ठेवू देऊ नका. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट हे कुत्र्याला विषारी असतात. कांदा-लसणाने त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, आणि त्याची लक्षणे कधी कधी दोन-चार दिवसांनी, मलूलपणा व गडद लघवी या रूपाने दिसतात. त्याच्यासाठी घरची बिनमिठाची भाकरीच राहू द्या, दुधात कुस्करून.